हायब्रिड सुपरकार की पेट्रोल स्पोर्ट्स कार? मराठवाड्याचं ऊन, काळी माती आणि घरचं अर्थिंग धरून उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर छत्रपती संभाजीनगरला, कारखाना जालन्याला, खुलताबादेकडे शेतातलं घर. गाडी रोज चालणार नाही. आठवड्यातून एक-दोनदा निघेल, तीही बहुतेक समृद्धीवर. एका बाजूला फेरारी २९६ जीटीबी किंवा मॅक्लारेन आर्टुरा, म्हणजे प्लग लावून चार्ज होणारी हायब्रिड सुपरकार. दुसऱ्या बाजूला पोर्शे ९११ जीटी३: टर्बो नाही, मोटर नाही, निव्वळ पेट्रोल. कोणती घ्यावी?

अशी ही पहिलीच गाडी असेल आणि घरचं अर्थिंग आजवर कधी मोजलं नसेल, तर जीटी३ घ्या. घरी सावलीतलं बंद गॅरेज आहे, चार्जिंगची लाइन नीट ओढून घेण्याची तयारी आहे आणि बिघाड झाला तर गाडी मुंबईला पाठवून महिनाभर वाट पाहायची सहनशक्ती आहे, तर हायब्रिडही इथे छान चालते. हॉर्सपॉवरचे आकडे या निवडीत फार कामाचे नाहीत. २०१० साली एका दमात १५० मर्सिडीज घेतलेल्या शहराला गाडी कशी निवडायची हे सांगायला नको. पण मर्सिडीज उन्हात उभी राहिली तर फक्त सीट तापते, इथे प्रकरण वेगळं आहे.

आधी आकडे. २९६ जीटीबीत २९९२ सीसीचं व्ही६ इंजिन, दोन टर्बो. इंजिनाचे ६६३ आणि मोटरचे १६७ मिळून ८३० हॉर्सपॉवर. बॅटरी ७.४५ युनिटची, निव्वळ विजेवर कंपनीच्या मोजणीने २५ किलोमीटर. आर्टुरात २९९३ सीसीचं व्ही६, ५८५ हॉर्सपॉवरचं; ९५ ची मोटर; एकत्र ६८०, नंतरच्या आवृत्तीत ७००. बॅटरी ७.४ युनिट. जीटी३ चं इंजिन ३९९६ सीसीचं, सहा सिलिंडर आडवे, ५१० हॉर्सपॉवर, आणि मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत फिरतं.

कागदावर जीटी३ हरली. आता रस्त्यावर या. समृद्धीवर सपाट भागात वेगमर्यादा १२० आहे. अशी बसकी, दीड टनाची गाडी १२० च्या स्थिर वेगाने न्यायला हवेचा आणि टायरचा रोध धरून साधारण २० किलोवॉट लागतात, एसी धरला तर थोडे जास्त. म्हणजे ३० हॉर्सपॉवरच्या आसपास. बाकीचे ८०० घोडे तबेल्यात बसून राहतात. ‘हायब्रिड आहे म्हणजे अॅव्हरेज देईल’ हा समज इथेच सोडावा. हायब्रिडचा फायदा थांबत-थांबत चालण्यात असतो. सरळ हायवेवर मोटरला काम नसतं आणि हायब्रिडचं सामान नुसतं ओझं होतं. आर्टुरात हे ओझं सगळं मिळून १३० किलो आहे, त्यात बॅटरी ८८ किलोची.

बॅटरी किती पुरते तेही पाहा. २९६ ची ७.४५ युनिट तिच्या १६७ हॉर्सपॉवरच्या, म्हणजे १२२ किलोवॉटच्या मोटरला पूर्ण जोरात सलग दिली, तर हिशेबाने पावणेचार मिनिटं. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण बॅटरी तळापर्यंत कधीच रिकामी होऊ दिली जात नाही. त्यामुळे ही बॅटरी म्हणजे पेट्रोलची दुसरी टाकी नव्हे. वळणातून बाहेर पडताना टर्बो भरेपर्यंतचा जो क्षणभराचा ढिलेपणा असतो, तो भरून काढणं हे तिचं खरं काम. ते ती फार सुरेख करते. म्हैसमाळच्या चढावर किंवा कन्नडच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय ठेवला की २९६ ज्या तडफेने उठते, ती टर्बोच्या गाडीत एरवी सापडत नाही.

इथली हवा मात्र हायब्रिडच्या बाजूने आहे, हे मान्य करायला हवं. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर. मे महिन्यात दुपारी ४४ अंशांत हवा इतकी विरळ होते की टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद, प्रमाणित चाचणीच्या २५ अंशांच्या तुलनेत, सुमारे ९ टक्क्यांनी घटते. जीटी३ चे ५१० त्या दिवशी ४६५ च्या घरात असतात. टर्बोवालं इंजिन विरळ हवेची भरपाई बऱ्याच अंशी करून घेतं, पण इंटरकूलरमधून (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीतून) येणारी हवा गरम राहिली की ठिणगीची वेळ मागे घेतं आणि तिथे ताकद गमावतं. मोटरला हवा लागतच नाही. तिला थंडावा लागतो.

आणि मराठवाड्यात खरी मेख त्या थंडाव्यातच आहे.

पेट्रोल इंजिनाचं पाणी ९० ते १०५ अंशांवर सुखात असतं. बाहेर ४४ असले तरी रेडिएटरमधून जाणारी हवा पाण्यापेक्षा पन्नास अंश थंडच असते, म्हणून इंजिन थंड राहतं. लिथियम बॅटरीच्या सेलना मात्र २० ते ४० अंश हवे असतात. बाहेरची हवाच ४४ असेल तर कितीही मोठा रेडिएटर लावा, त्या हवेने सेल ३५ वर आणता येत नाही. त्यासाठी फ्रिजच लागतो. आणि गाडीतला फ्रिज म्हणजे एसी. आर्टुरात तर एसीचा गॅसच बॅटरीखालच्या नळ्यांतून फिरवला आहे. थोडक्यात, जीटी३ चा एसी बंद पडला तर घाम येतो. हायब्रिडचा एसी कमजोर झाला तर गाडीच कमजोर होते. सेल तापले की कंट्रोलर आधी ब्रेकमधून होणारं चार्जिंग कमी करतो, मग मोटरची ताकद छाटतो, आणि निव्वळ विजेवर चालायचा पर्याय स्क्रीनवर करडा पडतो. मालकाची तक्रार मग अशी येते: ‘सकाळी पळते, दुपारी मरगळते.’ त्यात बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो, किंवा फक्त गॅस कमी झालेला असतो.

तो गॅस भरतानाच सर्वांत महाग चूक होते. साध्या गाडीच्या, पट्ट्यावर चालणाऱ्या एसी कॉम्प्रेसरमध्ये सहसा पीएजी नावाचं तेल असतं. हायब्रिडचा कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो, त्याच्या मोटरची गुंडाळी तेलातच बसलेली असते, म्हणून त्यात वीज न वाहू देणारं पीओई तेल लागतं. गल्लीतल्या एसीवाल्याने नेहमीचं मशीन लावलं, तर त्याच्या पाइपमध्ये उरलेलं पीएजी तेल आत जातं. थोडंसंही पुरतं. इन्सुलेशनचा रोध घसरतो, गाडी ‘हाय व्होल्टेज आयसोलेशन’चा इशारा देते आणि सुरक्षेसाठी सुरूच होत नाही. मग कॉम्प्रेसर, नळ्या, कंडेन्सर सगळं धुवायचं किंवा बदलायचं, आणि कारण काय तर दोन-तीन हजारांचं गॅस भरणं. गळती शोधायचा रंगही पीओईला चालणाराच हवा. गॅसचं काम हायब्रिडसाठी वेगळं मशीन ठेवणाऱ्याकडेच करून घ्या, नाहीतर गाडी तशीच मुंबईला जाऊ द्या.

पुढच्या जाळ्यांत अडकणारा कचरा दोन्ही गाड्यांना छळतो. दिवाळीनंतर जालना रस्त्यावर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की कापसाचे तंतू, पुढे उसाच्या ट्रॉल्यांचं पाचट, आणि बारा महिने बारीक काळी धूळ. जीटी३ चे रेडिएटर नाकात आहेत आणि बाजूच्या रेडिएटरांपुढे एसीचे कंडेन्सर येतात. मधल्या फटीत ओला पाला सडला की अॅल्युमिनियमच्या पाती खातो आणि कंडेन्सर गळायला लागतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि कापसाचा हंगाम सरल्यावर, पुढचं बंपर किंवा चाकामागचं लायनर काढून साफ करावं: मऊ ब्रश, कमी दाबाचं पाणी, आतून बाहेरच्या दिशेने. प्रेशर वॉशर मारला तर पाती आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. हायब्रिडच्या इंजिनाच्या भागात आणि हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या जोडांवर तर तो मारूच नये.

आता वीज. २९६ किंवा आर्टुरा चार्ज करायला मोठं स्टेशन लागत नाही. घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर अडीच-तीन तासांत काम होतं, आठ-नऊ युनिट जातात. अडचण युनिटची नसून अर्थिंगची आहे. चार्जर प्रत्येक वेळी सुरू होण्याआधी अर्थिंग तपासतो आणि नापास झालं की लाल दिवा लावून गप्प बसतो. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात-हात भेगा पडतात. माती आकसते, अर्थिंगच्या पाइपला सोडून देते आणि रोध वाढतो. म्हणून पावसाळ्यात बिनतक्रार चालणारा चार्जर एप्रिलमध्ये रुसतो आणि लोक गाडीला दोष देतात.

आधी मीटर लावून पाहा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ ३ व्होल्टच्या आत असावेत. न्यूट्रल-अर्थमध्ये १५-२० दिसले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थचा रोध ५ ओहमच्या खाली आणायचा. त्यासाठी एक खोल इलेक्ट्रोड, तीन मीटर तरी, म्हणजे भेगांच्या थराखाली. तेवढ्याच अंतरावर दुसरा, आणि दोन्ही जोडलेले. मीठ-कोळशाचा जुना खड्डा चालतो, पण त्याला उन्हाळाभर पाणी घालावं लागतं आणि मीठ पाइप कुजवतं. तयार केमिकल अर्थिंग घातलेलं बरं. चार्जरसाठी मीटरपासून वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, स्वतंत्र २० अँपिअर एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. सॉकेट औद्योगिक प्रकारचं घ्या. घरातल्या नेहमीच्या सॉकेटवर सलग तीन तास १५ अँपिअर ओढले की आधी प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि मग वितळतं.

शेतातल्या घरी चार्जिंगची आशा धरू नका. शेतीच्या फीडरवर मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज कुठल्या कुठे जातं आणि चार्जर बंद होतो. जनरेटरवरही बहुतेकदा नकारच मिळतो, कारण छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. तसं चार्जिंग अगदी झालंच नाही म्हणून गाडी अडत नाही, इंजिन बॅटरी भरून घेतं. फक्त मग प्लगवाली हायब्रिड घेण्यात अर्थ काय, एवढाच प्रश्न उरतो.

चार्जिंगची वेळही सांभाळा. दुपारी समृद्धीवरून आलेल्या गाडीला लगेच प्लग लावू नये. सेल आधीच तापलेले असतात. पहाटे लावावा. महिनाभर उभी ठेवायची असेल तर बॅटरी ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी आणि ४० अंशांचं पत्र्याचं शेड, ही जोडी सेलचं आयुष्य सगळ्यात वेगाने खाते.

एवढं करूनही गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा त्या मोठ्या बॅटरीमुळे नव्हे, छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर १२ व्होल्टवर उघडझाप करतात. ती छोटी बॅटरी उतरली की मोठी काठोकाठ भरलेली असली तरी गाडी मढ्यासारखी पडून राहते. जीटी३ लाही हा त्रास आहे. तिची बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकीचं झाकण उघडायला वीजच लागते. हँडबुकमध्ये दिलेल्या जागी बाहेरून १२ व्होल्ट देऊन झाकण उघडायचं असतं. ती जागा गाडी हातात आल्या दिवशीच पाहून ठेवा. दोन्ही गाड्यांना उभ्या असताना कंपनीचा बॅटरी मेंटेनर कायम लावलेला असावा. छोटी बॅटरी लिथियमची असेल तर गॅरेजमधला जुना चार्जर तिला लावू नये, तो व्होल्टेज जास्त चढवून तिची वाट लावतो.

उंदीर हा विषय हसण्यावारी नेऊ नका. हायब्रिडमध्ये हाय व्होल्टेजच्या सगळ्या जोडांमधून एक बारीक पहारेकरी वायर फिरवलेली असते. एखादा जोड सुटला की तिचं वर्तुळ तुटतं आणि गाडी वीज कापते. उंदराने तीच वायर कुरतडली तर गाडी सुरू होत नाही, आणि कुठे कुरतडली ते शोधायला अंडरबॉडी उघडावी लागते. गॅरेजच्या शटरखाली रबरी पट्टी बसवा, आत धान्याची पोती ठेवू नका.

पेट्रोलचं म्हणाल तर दोन्ही गाड्यांना ९५ ऑक्टेन किमान लागतं, ९८ आवडतं. १०० ऑक्टेनचे पंप आपल्याकडे मोजके. मुंबई-पुण्याला जाणं झालं की भरून घेतात, एरवी ९५ वर भागवतात. साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून मिश्रणात सुमारे ७ टक्के कमी. त्यापेक्षा त्रासदायक गोष्ट म्हणजे इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. जीटी३ पेट्रोल पिते, टाकीत ते फार दिवस राहत नाही. हायब्रिड मात्र सिडको ते क्रांती चौक विजेवरच फिरवली तर तेच पेट्रोल तीन-तीन महिने पडून राहतं. टाकीच्या झाकणामागे ई५, ई१०, ई२० (म्हणजे किती टक्के इथेनॉल चालतं) यांपैकी काय छापलंय ते वाचा. ई२० नसेल तर विक्रेत्याकडून वॉरंटीबद्दल लेखी घ्या, तोंडी नको. खप जास्त असलेल्या पंपावर भरा आणि दोन महिन्यांच्या आत संपवा.

विजेवर फिरण्याची आणखी एक बाजू. इंजिन बंद ठेवून सावंगीच्या इंटरचेंजपर्यंत यायचं आणि समृद्धीवर चढताच पाय दाबायचा, तर थंड तेलावर इंजिन एकदम जोरात फिरायला लागतं. कंपनीने त्यासाठी सोय केलेली असते, तरी शेवटची सात-आठ मिनिटं आधीच मोड बदलून इंजिन चालू करावं. महिन्यातून दोनदा तरी अर्धा तास सलग, तेल ९० अंशांवर येईपर्यंत चालवावं. नाहीतर तेलात पेट्रोल आणि पाणी साचत जातं. जीटी३ लाही तेल तापेपर्यंत ४००० फेऱ्यांवर नेऊ नये, आणि तिची तेलाची पातळी इंजिन गरम असताना, सपाट जागी, स्क्रीनवरच पाहायची. ड्राय संप असल्यामुळे, म्हणजे तेल इंजिनाच्या तळाशी न राहता वेगळ्या टाकीत राहत असल्यामुळे, थंड इंजिनावर पाहून वरून तेल ओतलं तर जास्तीचं तेल हवेच्या नळीत जातं आणि धूर निघतो.

गावातल्या गर्दीत हायब्रिड निर्विवाद सरस. जालना रोडवर संध्याकाळी सात वाजता गाडी मोटरवर सरकते, क्लच घासत नाही, आणि पहाटे पाचला निघालं तर शेजारी जागे होत नाहीत. आर्टुराला तर मागचा गिअरच नाही. ती मोटर उलटी फिरवूनच मागे येते. जीटी३ च्या पीडीके या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला मुंगीच्या पावलांनी सरकत राहणं सोसत नाही, दोन्ही क्लच अर्धवट पकडीत तापतात. पुढे गाडीभर जागा होऊ द्यायची, मग एकदम पुढे घ्यायची. मॅन्युअल घेतली तर डाव्या पायाचा व्यायाम फुकट.

गतिरोधकांचा हिशेब मात्र कागदावर करून पाहा, फार उपयोगी पडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. २९६ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.६ मीटर. गाडी बरोबर मध्यावर आली तर चारही चाकं त्या उंचवट्यावरच असतात, आणि मधला भाग चाकांच्या पातळीपेक्षा फक्त ५ सेंटिमीटर वर येतो. म्हणजे १०-१२ सेंटिमीटर क्लिअरन्सची गाडी नाक न उचलताही निघते. जीटी३ चा व्हीलबेस २.४६ मीटर, तिथे साडेचार सेंटिमीटर. अडचण गावाने रात्रीतून टाकलेल्या, हातभर रुंद आणि वीतभर उंच डांबराच्या ढिगाची असते. तिथे दोन्ही चाकांच्या जोड्या खाली जमिनीवर आणि मध्ये १५-२० सेंटिमीटरचा ढीग. नाक उचलायच्या सोयीने पुढून तीन-चार सेंटिमीटर मिळतात, पोट तसंच राहतं. अशा जागी तिरपं, एकेक चाक चढवत जायचं. तरी जमणार नाही असं वाटलं तर मागे फिरायचं, लाज नाही. जीटी३ चं पोट घासलं तर प्लॅस्टिकचं आवरण जातं. हायब्रिडमध्ये बॅटरी सीटमागे खाली बसवलेली असते; तिच्या आवरणाला मार बसल्याची नुसती शंका आली तरी वर्कशॉप ती उघडून तपासल्याशिवाय गाडी परत देत नाही. खुलताबादच्या शेतातल्या घरापर्यंतचा शेवटचा कच्चा रस्ता दोन्ही गाड्यांसाठी नाही. तिथवर जीप.

टायरबद्दल थोडंच. काँक्रीटच्या रस्त्यावर उन्हात टायर तापतात, म्हणून हवा सकाळी गाडी थंड असतानाच मोजावी. दर १० अंशांमागे दाब एक-दीड पीएसआय वाढतो, म्हणून दुपारी पंपावर ‘जास्त झालीये’ म्हणत काढून टाकली तर सकाळी कमी भरते. बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी शिल्लक असली तरी चार वर्षांनंतर समृद्धीवर त्यावर भरवसा ठेवू नये. दोन्ही गाड्यांत स्टेपनी नाही.

सर्व्हिसला मुंबई गाठावी लागते, आणि बंद पडलेली गाडी न्यायला फ्लॅटबेडच हवा. हायब्रिडची मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर जनरेटर होते आणि आतून वीज तयार करते, त्यामुळे चारही चाकं वर. जीटी३ चं तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग ही कामं चांगला प्रशिक्षित मेकॅनिक शहरात करू शकतो. हायब्रिडच्या नारिंगी केबलला हात लावायचा तर सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा जोड) काढून, कपॅसिटर उतरेपर्यंत थांबून, १००० व्होल्टचे हातमोजे घालून आणि मीटरने खात्री करूनच. हे काम प्रमाणपत्रवाल्यानेच करायचं. वॉरंटीची बाजू मात्र भक्कम आहे: फेरारी हायब्रिडच्या भागांना ५ वर्षं देते, आणि पैसे भरून घ्यायच्या एका योजनेत आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून मिळते. मॅक्लारेनची आर्टुराच्या बॅटरीला ६ वर्षं. जुनी हायब्रिड घेताना ही वॉरंटी किती उरली आहे, यावरच भाव ठरवा. विम्यात हाय व्होल्टेज बॅटरीचा स्वतंत्र उल्लेख आहे का तेही वाचा.

करात हायब्रिडला काही सूट मिळेल ही आशा नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या दोन्ही गाड्यांना ४० टक्के जीएसटी. महाराष्ट्रात रस्ता कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून ३० लाख, आणि या किमतीला दोन्ही तिथेच जाऊन थडकतात. समृद्धीवरची टोलमाफी निव्वळ इलेक्ट्रिक गाड्यांना, हायब्रिडला नाही.

या दोघींच्या मध्ये एक तिसरी वाट आहे, तिच्याकडे लोक फारसं पाहत नाहीत. पोर्शेची ९११ कॅरेरा जीटीएस: ३.६ लिटर इंजिन, ५४१ हॉर्सपॉवर, १.९ युनिटची छोटी बॅटरी, टर्बोलाही विजेची मदत, आणि प्लग नाहीच. आधीच्या जीटीएसपेक्षा वजन फक्त ५० किलोंनी वाढलं. विजेवर ती एक किलोमीटरही जात नाही, पण घरच्या अर्थिंगची कटकट नाही, मोटरचा झटपटपणा आहे आणि मागच्या सीटवर लहान पोरं बसतात. हाय व्होल्टेज आलं म्हणजे एसीच्या तेलाचा आणि नारिंगी केबलचा नियम तिलाही लागू.

टेस्ट ड्राइव्ह हिवाळ्यात सकाळी घेऊ नका, तेव्हा सगळ्याच गाड्या गुणी वाटतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनला, गाडी तासभर उन्हात उभी करून मग घ्या. एसी पूर्ण, दहा मिनिटं गर्दीत सरकत, मग मोकळ्या रस्त्यावर तीन-चारदा जोरात. हायब्रिडमध्ये त्या दहा मिनिटांनंतर निव्वळ विजेचा पर्याय अजून चालू आहे का, ब्रेक दाबताना चार्जिंगची पट्टी भरते का, ते पाहा. आणि ब्रेकचा पेडल थांबायच्या शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये, जिथे मोटर सोडून देते आणि पॅड पकडतात, तिथे पायाला झटका देतो का तेही. जीटी३ मध्ये तेलाचं तापमान कुठे जाऊन थांबतं ते बघा, आणि गाडी बंद केल्यावर पंखे किती वेळ फिरतात ते ऐका.